पाण्यावर चालणारी बस : एक अपुरा हिशेब

कन्नड तालुक्यातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. एका टेबलावर पुठ्ठ्याची सुंदर बस मांडलेली होती. बाजूला पाटी होती : ‘पाण्यावर चालणारी बस. खर्च शून्य, प्रदूषण शून्य.’ सातवीतल्या मुलाने सगळी माहिती घडाघडा सांगितली. आम्ही त्या प्रतिकृतीला पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो. घरी परतताना मात्र चुटपुट लागली. ‘बाळ, यातला हायड्रोजन तू कुठून आणलास?’ हा एकच प्रश्न आम्ही विचारायला हवा होता. तो आम्ही विचारला नाही.

दोष त्या मुलाचा नाही. त्याने वाचले तेच सांगितले. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणारी स्वदेशी बस दाखवण्यात आली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी ही कंपनी यांचे ते फळ होते. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये याच जोडीने १० किलोवॅटचा इंधनघट बसवलेली मोटार चालवून दाखवली होती. हे काम खरोखर कौतुकाचे आहे. पण बसबरोबर जे सरकारी निवेदन आले, त्यात अशा बसचा आणि ट्रकचा दर किलोमीटरचा चालवण्याचा खर्च डिझेलपेक्षा कमी असतो, असेही म्हटले होते. आमचा आक्षेप आहे तो या विधानाला. तो तपासायला पाचवीचे गणित पुरते.

आधी यंत्र समजून घेऊ. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे आपण शिकवतोच. इंधनघटात नेमके याच्या उलट घडते. एका अग्रावर हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकामुळे त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. मधला पातळ पडदा फक्त प्रोटॉनला वाट देतो. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो आणि हा वळसा म्हणजेच आपल्याला मिळणारी वीज. दुसऱ्या अग्रावर ऑक्सिजन भेटतो आणि पाणी तयार होते. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास हे दाखवले होते. एका घटातून वापरताना साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात, म्हणून असे शेकडो घट थप्पीसारखे रचावे लागतात.

म्हणजे पाणी हे इंधन नव्हे, ती राख आहे. जळून झालेल्या राखेतून पुन्हा लाकूड करायचे तर जेवढी ऊर्जा मिळाली त्याहून जास्तच घालावी लागणार. हायड्रोजन ऊर्जेचा उगम नाही. तो ऊर्जा वाहून नेणारा हमाल आहे, आणि हमाली घेतल्याशिवाय तो ओझे उचलत नाही.

ही हमाली किती? कन्नडहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन परत येणारी बस घेऊ. अंतर धरा १२० किलोमीटर. इंधनघटाच्या मोठ्या बसला १०० किलोमीटरला सुमारे ८ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे या फेरीला ९.६ किलो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला आणि तो टाकीत दाबून भरायला मिळून सुमारे ५५ युनिट वीज लागते. त्यातली जेमतेम १६-१७ युनिट इंधनघटातून परत मिळतात. फेरीसाठी एकूण वीज झाली ५२८ युनिट. युनिटचा भाव ५ रुपये धरला, तर २,६४० रुपये.

आता डिझेलची बस. लिटरला ४ किलोमीटर धरले तर ३० लिटर, आणि ९० रुपये भावाने २,७०० रुपये. दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसतात. पण डिझेलच्या भावात कर आणि पंपचालकाचे कमिशन धरलेले आहे. हायड्रोजनच्या आकड्यात फक्त वीज आहे. कारखाना, टाक्या, भरणा केंद्र, इंधनघटाची झीज यांतले काहीच त्यात नाही. मग खर्च कमी कसा? बॅटरीच्या बसला तीच फेरी सुमारे १६० युनिटमध्ये करता येते. तिची वीज ८०० रुपयांची.

प्रदूषणाचाही हिशेब मांडू. आपल्या देशात सरासरी एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज कोळशाची आहे. त्या विजेपासून केलेल्या हायड्रोजनवर आपली फेरी झाली, तर सुमारे ३७० किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलच्या बसच्या धुराड्यातून निघतो सुमारे ८० किलो. नैसर्गिक वायूपासून केलेला हायड्रोजन वापरला तरी सुमारे ९० किलो होतोच. बॅटरीची बसही या परीक्षेत निर्दोष नाही, तिचे ११२ किलो होतात. धूर नाहीसा झालेला नाही, तो संभाजीनगरच्या रस्त्यावरून औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेला आहे. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल, तरच दोन्ही गाड्या खऱ्या अर्थाने स्वच्छ. आणि सूर्याची वीज मोजकी असताना तिच्यावर एक बस चालवायची की तीन, हा प्रश्न उरतोच.

आम्हाला एकतर्फी निकाल द्यायचा नाही. मराठवाड्यात हटकून निघणारा आक्षेप पाण्याचा. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी लागते, म्हणजे आपल्या फेरीला सुमारे ८६ लिटर. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये खर्चाचे मंजूर झाले. त्याचे २०३० चे उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टनांचे आहे. त्याला रासायनिक समीकरणाप्रमाणे लागणारे पाणी जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या सुमारे २ टक्के भरते. प्रत्यक्षात शुद्धीकरण आणि थंडाव्यासाठी आणखी लागेल. कारखाना कुठे काढायचा याचा विचार हवाच, पण खरी टंचाई विजेची आहे.

शिवाय हायड्रोजनची खरी गरज आहे अशी ठिकाणे आहेत. युरियाला लागणारा अमोनिया हायड्रोजनशिवाय होत नाही. तेलशुद्धीकरणाला तो लागतो, पोलादालाही उपयोगी पडेल. सोलापूर-धुळे महामार्ग कन्नडवरून जातो. त्यावर शेकडो किलोमीटर धावणाऱ्या अवजड मालट्रकला बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ जड जातो. तिथे काही मिनिटांत भरणाऱ्या टाकीला अर्थ असू शकेल.

बाजारानेही सावधपणाच शिकवला आहे. टोयोटाची मिराई ही मोटार २०१४ साली आली, पण २०२४ मध्ये शेल कंपनीने कॅलिफोर्नियातली मोटारींची हायड्रोजन केंद्रे बंद केली. हायड्रोजनचे ट्रक बनवणारी अमेरिकेतील निकोला २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये ३७ बस आणि ट्रकच्या चाचण्या मंजूर झाल्या, त्यांत पुणे-मुंबई मार्गही आहे. यांपैकी १५ गाड्याच इंधनघटाच्या, बाकीच्या २२ इंजिनात हायड्रोजन जाळणाऱ्या. या चाचण्या व्हाव्यात. पण त्यांचे आकडे, प्रतिकूल असले तरी, लोकांपुढे यावेत.

वर्गात हे सारे अर्ध्या तासात दाखवता येते. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात पेन्सिलीची दोन शिसे बुडवा आणि ९ व्होल्टची बॅटरी पाच मिनिटे जोडा. मीठ घेऊ नका, क्लोरीन निघतो. वायू बंद बाटलीत साठवू नका. मग बॅटरी काढून व्होल्टमीटर जोडा. काटा हलतो आणि हळूहळू खाली येतो. किती दिले आणि किती मिळाले, हे मुलांना वहीत लिहू द्या.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. पुढच्या प्रदर्शनात गुणपत्रिकेत एक रकाना वाढवणार आहोत : ‘ऊर्जा कुठून आली?’ आणि त्या मुलाला भेटून, त्याच्या पाटीवरची दोन शून्ये त्याच्याकडूनच तपासून घेणार आहोत.