'अधिक बंदुका, कमी गुन्हे' : एका वादग्रस्त ग्रंथाचे परीक्षण

काही ग्रंथांचे नाव ज्या उत्साहाने घेतले जाते त्या उत्साहाने ते ग्रंथ वाचले जात नाहीत. जॉन लॉट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा 'मोअर गन्स, लेस क्राइम' हा ग्रंथ त्यांपैकीच एक होय. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने तो १९९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून अमेरिकेतील कायदेमंडळांत, न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत शस्त्रनियमनाचा प्रश्न निघाला की एका पक्षाकडून या ग्रंथाचे नाव प्रमाणवचनाप्रमाणे उच्चारले जाते. आपल्याकडेही शस्त्रपरवान्याच्या जाचाविषयी तक्रार करणारे सुशिक्षित गृहस्थ हे चार शब्द अधूनमधून ऐकवितात. तेव्हा ग्रंथात नेमके काय सिद्ध केले आहे आणि काय केवळ सुचविले आहे, हे एकदा तपासून पाहणे उचित ठरेल.

ग्रंथाचा विषय तसा मर्यादित आहे. अमेरिकेतील काही राज्यांत अंगावर पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. इतर राज्यांनी हळूहळू असा कायदा केला की, अर्जदार सज्ञान असून त्याच्यावर गुन्ह्याचा डाग नसेल तर परवाना दिलाच पाहिजे. या दुसऱ्या प्रकारच्या कायद्याने गुन्हे वाढले की घटले, एवढाच लॉट यांचा प्रश्न. डेव्हिड मस्टर्ड यांच्यासह १९९७ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी १९७७ ते १९९२ या सोळा वर्षांचे, देशातील सर्व काउंट्यांचे गुन्ह्यांचे आकडे घेतले. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्यासारखा एक घटक. अशा तीन हजारांहून अधिक घटकांची माहिती त्यांनी जमविली. लोकसंख्या, उत्पन्न, वयोमान, अटकेचे प्रमाण यांचा हिशेब वजा घालून त्यांनी निष्कर्ष काढला तो असा : ज्या राज्यांत हा कायदा नव्हता त्यांनी तो १९९२ मध्ये केला असता, तर दरवर्षी सुमारे १,५७० खून, ४,१७७ बलात्कार आणि ६०,००० हून अधिक गंभीर हल्ले टळले असते.

चिकाटीच्या दृष्टीने पाहता हे काम लहान नव्हे. लॉट यांच्यापूर्वी या विषयावरचे लेखन बहुधा दोन शहरांची किंवा दोन देशांची तुलना करून थांबत असे. इतक्या विस्तृत प्रदेशाची वर्षानुवर्षांची नोंद एकत्र मांडण्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांच्या युक्तिवादाचा गाभाही सरळ आहे : गुन्हेगार हा हिशेबी माणूस आहे; समोरच्याच्या खिशात काय आहे हे त्याला ठाऊक नसले म्हणजे तो कचरतो. व्यापारशास्त्रात मुरलेल्या लेखकाला गुन्हेगारही व्यापारीच दिसावा, यात नवल नाही.

परंतु १,५७० हा आकडा वाचताना वाचकाने थोडे थबकावे. ज्या राज्यांनी या सोळा वर्षांत कायदा बदलला ती अवघी दहा होती, आणि त्यांत १९८७ साली कायदा करणारे फ्लोरिडा हे फार मोठे. डॅन ब्लॅक आणि डॅनियल नॅगिन या दोन अभ्यासकांनी १९९८ सालीच फ्लोरिडा तेवढे वगळून तेच गणित पुन्हा मांडले, तेव्हा खून आणि बलात्कार यांवरचा परिणाम नाहीसा झाला. तीन हजार काउंट्यांच्या भव्य इमारतीचा भार असा एकाच खांबावर आला होता. दुसरी अडचण काळाची. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'क्रॅक' नावाच्या स्वस्त कोकेनने अमेरिकेच्या मोठ्या शहरांत थैमान घातले आणि त्या व्यापारातून खुनांचे प्रमाण भयंकर चढले. ही शहरे बहुतांशी कडक कायद्याच्या राज्यांत होती. न्यूयॉर्क हे ठळक उदाहरण. साहजिकच त्यांच्या शेजारी सैल कायद्याची ग्रामीण राज्ये सौम्य दिसू लागली. पुढे १९९० नंतरच्या दशकात हीच लाट ओसरली आणि कडक कायद्याच्या राज्यांत गुन्हे झपाट्याने उतरले. इयान आयर्स आणि जॉन डोनोह्यू यांनी २००३ साली नव्या वर्षांची भर घालून पाहिले, तो लॉट यांचा निष्कर्ष टिकेना.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या वादावर एक समिती नेमली होती. तिचा अहवाल २००४ मध्ये आला. सध्याच्या पुराव्यावरून अशा कायद्यांनी गुन्हे घटतात असेही म्हणता येत नाही आणि वाढतात असेही म्हणता येत नाही, हा तिचा निर्णय. जेम्स क्यू. विल्सन या सभासदाने खुनांपुरते लॉट यांचे म्हणणे ग्राह्य धरून भिन्नमत नोंदविले, हे निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. त्यानंतर मात्र तराजू दुसरीकडे झुकू लागला. डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कायदा सैल केल्यानंतर दहा वर्षांनी त्या राज्यांतील हिंसक गुन्हे अपेक्षेहून १३ ते १५ टक्क्यांनी अधिक आढळले. सर्व संशोधनाची छाननी करणाऱ्या रँड संस्थेनेही अलीकडे, अशा कायद्यांमुळे मनुष्यहत्या वाढतात या मताला आधार देणारा पुरावा असल्याचे नमूद केले आहे.

लॉट यांनी 'मेरी रोश' या टोपणनावाने स्वतःचीच तरफदारी चालविली होती, हे २००३ साली त्यांनी कबूल केले. विरोधक या प्रकरणाचा फार उपयोग करतात. प्रस्तुत लेखकास त्यात विशेष अर्थ दिसत नाही. समीकरण चुकले असेल तर ते सज्जनाचेही चुकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, नुसते शस्त्र दाखविल्याने ९८ टक्के प्रसंगी हल्लेखोर माघार घेतो, हे ग्रंथातील विधान ज्या पाहणीवर आधारले होते तिची मूळ माहिती संगणक बिघडल्याने नष्ट झाली असे त्यांनी सांगितले. मूळ माहितीच तपासता येत नसेल, तर ते विधान वाचकाने विसरून जावे हे बरे.

आता लॉट यांचा दावा फोल ठरला म्हणजे प्रतिपक्षाचा आपोआप सिद्ध झाला असे समजण्याची घाई पुष्कळजण करतात. ती रास्त नव्हे. अमेरिकेत १९९३ साली ब्रेडी कायदा झाला आणि १९९४ पासून, विक्रेत्याने पिस्तूल देण्यापूर्वी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी असा दंडक आला. जेन्स लुडविग आणि फिलिप कुक हे दोघे शस्त्रनियमनाचे वैरी नव्हेत. परंतु २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत या कायद्याने मनुष्यहत्या घटल्याचे आढळले नाही. पंचावन्न आणि त्याहून अधिक वयाच्या लोकांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या मात्र घटलेल्या दिसल्या. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. हा दंडक परवानाधारक दुकानदारांना होता. एका खाजगी माणसाने दुसऱ्यास पिस्तूल विकले तर त्यास विचारणारे कोणी नव्हते. पुढल्या दाराशी पहारा आणि मागचे दार सताड उघडे, असा तो प्रकार झाला.

ब्रिटनचीही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९९६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. त्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी खाजगी पिस्तुले जवळजवळ सर्वस्वी बंद झाली; तरीही पुढची काही वर्षे पिस्तुलाच्या गुन्ह्यांची नोंद वाढतच राहिली आणि ती उतरू लागली ती बऱ्याच वर्षांनी. टोळ्यांच्या हातची पिस्तुले नेमबाजीच्या क्लबांतून आलेलीच नव्हती. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर सुमारे साडेसहा लाख शस्त्रे सरकारने विकत घेऊन नष्ट केली, नोंदणी सक्तीची केली, आणि स्वसंरक्षण हे शस्त्र बाळगण्याचे पुरेसे कारण नाही असे ठरविले. बंदुकीने होणारे मृत्यू त्यानंतर उतरले खरे. परंतु ते आधीपासूनच उतरत होते. कायद्याने उतार किती वाढविला यावर तेथील विद्वानांचे अद्याप एकमत नाही, आणि आत्महत्यांच्या बाबतीत परिणाम अधिक स्पष्ट दिसतो.

तेव्हा 'कडक कायदा' हा शब्दच फार ढोबळ आहे. कायदा कोठे बोट ठेवतो यावर सर्व अवलंबून. कनेक्टिकट राज्याने १९९५ मध्ये असे ठरविले की, पिस्तूल विकत घेण्यापूर्वीच माणसाने स्वतः पोलिसांपुढे जाऊन, शिक्षण घेऊन परवाना काढावा. मग विक्रेता दुकानदार असो की शेजारी. पहिल्या दहा वर्षांत तेथील बंदुकीच्या हत्या ४० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. पुढे अधिक वर्षे घेऊन केलेल्या गणितात तो २८ टक्क्यांवर आला. उलट मिसूरी राज्याने असाच जुना कायदा २००७ साली रद्द केला आणि तेथे अशा हत्या वाढल्या. फ्लोरिडाविषयी जी शंका घेतली तीच एकट्या कनेक्टिकटविषयीही घेतली पाहिजे, अन्यथा आपण परीक्षक न राहता वकील होऊ. तथापि कायदा आणल्यावर एका दिशेने आणि काढल्यावर विरुद्ध दिशेने माप हलावे, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा खास नाही.

येथे ग्रंथाच्या नावातील शेवटच्या शब्दाकडे वळतो, कारण आमच्या मते लॉट यांच्या विचारातील खरी उणीव तेथे आहे. गुन्हा आणि मृत्यू या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. फ्रँकलिन झिमरिंग यांनी शिकागो शहरातील पोलीस नोंदी चाळून १९६८ सालीच दाखविले होते की, चाकूच्या हल्ल्यापेक्षा बंदुकीच्या हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाण सुमारे पाचपट असते; आणि हे हल्ले बहुधा भांडणाच्या भरात, ठाम हेतूवाचून झालेले असतात. लॉट यांचा ग्रंथ ज्या विद्यापीठाने छापला त्याच विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात हा निबंध तीस वर्षे आधी आला होता! झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स यांनी १९९७ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की, चोऱ्या-घरफोड्यांत लंडन न्यूयॉर्कच्या मागे नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याच चोरीत माणूस मरतो, एवढाच फरक. म्हणजे शस्त्राचा कायदा भांडणे थांबवील अशी अपेक्षाच अस्थानी होय. भांडणाचा शेवट इस्पितळात व्हावा की स्मशानात, यावर मात्र त्याची सत्ता चालते. शिवाय अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक आत्महत्येने मरतात. आत्महत्या हा लॉट यांच्या अर्थाने गुन्हा नव्हे.

भारतीय वाचकाच्या मनात या विषयाला आणखी एक पदर आहे. १८७८ चा शस्त्रकायदा परकीय सत्तेने केला आणि त्यातून युरोपीयांस मुभा ठेवली. म्हणून निःशस्त्रीकरण म्हणजे अपमान, ही भावना आपल्याकडे जुनी. गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही, लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत ही एक मागणी होतीच. स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला तेव्हा वंशभेद गेला, परवाना राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली. आपल्याकडील बंदुकीचे खून प्रामुख्याने गावठी कट्ट्यांनी होतात, परवान्याच्या शस्त्रांनी नव्हे, हे खरे. आणि मुंगेरकडच्या चोरट्या कारखान्यांपर्यंत परवान्याचा कागद पोहोचत नाही हेही खरे. परंतु ग्वाल्हेर-चंबळच्या बाजूस वरातींत आनंदाने झाडलेल्या परवान्याच्या बंदुकीने वऱ्हाडी मेल्याच्या बातम्या तेथील वाचकांस नव्या नाहीत. त्याच दुरुस्तीने अशा बारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहेत. तो झाडणारा नवरदेवाचा मामा कोणत्याही अर्थाने हिशेबी गुन्हेगार नसतो. लॉट यांच्या समीकरणात त्याला जागा कोठे द्यावयाची हे सांगणे कठीण.

२०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा शतकाहून जुना निर्बंध घटनाबाह्य ठरविला. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत पिस्तूल लपवून नेण्यास परवानाही लागत नाही. म्हणजे लॉट यांनी ज्या कायद्याची भलावण केली त्याच्याही पलीकडे तो देश गेला आहे, आणि त्यांचे भाकीत पारखण्यास यापुढे दहा राज्यांची टंचाई पडणार नाही. हा ग्रंथ ज्यांना वाचावयाचा असेल त्यांनी २०१० ची तिसरी आवृत्ती मिळवावी. तीत लॉट यांनी २००५ पर्यंतचे आकडे घातले असून टीकाकारांना उत्तरेही दिली आहेत. ती वाचताना राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अहवाल शेजारी उघडा ठेवावा, आणि तोही विल्सन यांच्या भिन्नमतासह.