म्हातारपणाची गोष्ट कुणाची?

पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांना महाराष्ट्र शासन दरमहा जे अर्थसाहाय्य देते, त्या योजनेचे नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' असे आहे. तहसील कार्यालयात अर्ज करायला जाणारा म्हातारा स्वतःच्या म्हातारपणासाठी जातो, पण कागदावर नाव असते एका मुलाचे. श्रावणबाळाचे आईवडील आंधळे होते, कावडीत बसले होते आणि तहानलेले होते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. ते काय बोलत होते, प्रवासात त्यांना काय वाटत होते, काशीला जाऊन त्यांना नेमके काय हवे होते, हे कुणी विचारत नाही. गोष्ट मुलाची आहे. आईवडील हे त्या गोष्टीतले ओझे.

हे नाव कुणी ठरवून वाईट हेतूने दिलेले नाही. आपली एकूण समजच तशी आहे आणि आपले साहित्यही त्याच समजुतीवर पोसलेले आहे. म्हातारपणावर मराठीत आणि उर्दूत जे गाजले, ते बहुतेक मुलाची परीक्षा घेणारे आहे. मुलगा पास झाला तर डोळ्यांत पाणी, नापास झाला तरी डोळ्यांत पाणी. म्हातारा मात्र दोन्ही वेळा प्रश्नपत्रिकाच राहतो. या लेखात आम्ही काही परिचित कलाकृती याच नजरेने पुन्हा वाचून पाहणार आहोत.

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर ज्यांनी पाहिले ते आजही त्याबद्दल बोलतात, आणि २०१६ च्या चित्रपटामुळे नंतरच्या पिढीलाही ते ठाऊक झाले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया त्यावर आहे हे सर्वश्रुत आहे. निवृत्त होताना गणपतराव आपले सर्व मुलांना देऊन टाकतात. कावेरी त्यांना सावध करते, पण ते ऐकत नाहीत. पुढे मुलाच्या घरी अपमान, मुलीच्या घरी चोरीचा आळ, आणि शेवटी रस्ता. नाटक संपते तेव्हा प्रेक्षक मुलांना शिव्या देत बाहेर पडतो. पण ज्या बाईने वेळीच इशारा दिला होता तिचे शहाणपण त्याच्या लक्षात राहत नाही. नाटकाचा सगळा प्रकाश गणपतरावांच्या स्वगतांवर पडतो. कावेरीचे म्हातारपण नवऱ्याच्या म्हातारपणाच्या सावलीत संपून जाते.

आता 'नटसम्राट'च्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी लिहिलेली प्रेमचंदांची 'बूढी काकी' शेजारी ठेवून पाहू. काकीने आपली मालमत्ता पुतण्या बुद्धिरामच्या नावावर करून दिली आहे. त्यानंतर तिला पोटभर जेवायलाही मिळत नाही. घरात मुलाच्या टिळ्याचा समारंभ आहे, पुऱ्या तळल्या जात आहेत आणि त्यांचा वास काकीच्या कोठडीपर्यंत येतो आहे. ती सरपटत कढईपाशी जाते आणि रूपाची बोलणी खाते. धाकटी लाडली आपल्या वाट्याच्या पुऱ्या लपवून तिला आणून देते, पण भूक भागत नाही. रात्री काकी उष्ट्या पत्रावळींपाशी जाऊन बसते.

ही कथा वर्गात शिकवली आणि शेवटी 'या कथेतून काय बोध मिळतो?' असा प्रश्न दिला, की उत्तरे ठरलेली असतात. बड्यांचा आदर करावा, त्यांची खिदमत करावी, बुद्धिराम वाईट होता. मुले हुशार असतात, त्यांना पाठ्यपुस्तकाची अपेक्षा कळते. पण 'काकीला काय हवे होते?' असा प्रश्न विचारला की वर्ग थोडा वेळ गप्प होतो, आणि मग कुणीतरी हळूच म्हणते, गरम पुरी. प्रेमचंदांचे मोठेपण आम्हांला इथे दिसते. काकी त्यांनी पवित्र केलेली नाही. ती हावरट आहे, जिभेची गुलाम आहे, रडून घर डोक्यावर घेते. म्हणजे ती जिवंत आहे. सद्‌गुणी म्हाताऱ्यावर दया करणे सोपे असते. हट्टी, खाण्यावर जीव असलेल्या म्हातारीचा हक्क मान्य करणे अवघड असते, आणि कथेने तेच मागितले आहे. शेवटी रूपाला पश्चात्ताप होतो म्हणून आपण तिची कथा समजून वाचतो. कथा काकीचीच आहे.

या दोन कलाकृतींत एक कागद समान आहे. दोघांनीही जिवंतपणी मालमत्ता दिली. तिसरे उदाहरण 'गर्म हवा'चे. इस्मत चुगताईंच्या कथेवर आधारलेल्या एम. एस. सथ्यू यांच्या या चित्रपटात आग्र्याच्या हवेलीत सलीम मिर्झांची म्हातारी आई आहे. हवेली थोरल्या मुलाच्या, हलीमच्या नावावर आहे. तो पाकिस्तानात निघून जातो आणि हवेली हातातून जाते. म्हातारी चुलीच्या लाकडांआड लपून बसते. ज्या घरात ती नवरी म्हणून आली, त्या घराच्या कागदावर तिचे नाव कुठेच नाही. शेवटचा श्वास घेण्यासाठी तिला डोलीत घालून त्या घरी परत आणावे लागते. फाळणीचा चित्रपट म्हणून आपण तो पाहतो आणि तो तसा आहेच. पण एका वृद्ध बाईचे घर कुणाच्या नावावर असते, हाही प्रश्न त्यात आहे, आणि तो फाळणीबरोबर संपलेला नाही.

मुस्लिम वाचकाने या कागदाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. आपल्याकडे बाप हयात असतानाच 'माझा हिस्सा द्या' म्हणणारे मुलगे आहेत. शरीयतप्रमाणे वारसा माणसाच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. जिवंत बापाच्या मालमत्तेत मुलाचा हिस्सा नसतो. बापाने स्वखुशीने दिले तर तो हिबा, आणि हनफी कायद्यात मुलाला केलेला हिबा ताबा दिल्यानंतर मागे घेता येत नाही. गणपतरावांनी केले ते आमच्या मोहल्ल्यात घडले असते तर त्याला हिबाच म्हटले असते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आईबाप हयात असताना मुलगा गेला, तर त्याच्या मालमत्तेत आईचा आणि बापाचाही ठरलेला हिस्सा आहे. विधवेचा हिस्सा आहे, आणि न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. म्हणजे आमच्या दीनने म्हाताऱ्या माणसाला खिदमतीच्या भरवशावर सोडलेले नाही, त्याला हकदारही केले आहे. आईवडिलांसमोर 'उफ'सुद्धा म्हणू नये ही शिकवण प्रत्येक तकरीरीत ऐकू येते. आईचा हिस्सा किती, हे मात्र किती तकरीरींत ऐकू येते? २००७ साली केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास रद्द ठरवून घेण्याची सोय त्याच्या तेविसाव्या कलमात आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या नागरिकांसाठी आहे. आमच्या कथांत तो अजून आलेला दिसत नाही.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त (१९७३) मालमत्तेचा वाद नाही. नाना आणि नानी यांचे घर आहे, एक मुलगा अमेरिकेत आहे आणि दुसरा लष्करी सेवेत. वाट पाहणे हेच त्या घरातले काम. दळवींनी रिकाम्या दुपारींचे जे चित्रण केले आहे ते अस्सल आहे. पण नाटकाचा शेवट ते दोघे स्वतःच्या हाताने करतात, आणि इथे आमच्यासारखा वाचक थबकतो. खुदकुशी आमच्याकडे हराम आहे, म्हणून आमच्या नाना-नानींना तो दरवाजा बंद आहे, असे म्हणून सुटका करून घेता येईल. पण एकटेपण काही हराम-हलाल विचारून येत नाही. मुलगा अमेरिकेऐवजी रियाधला ड्रायव्हर असेल किंवा पुण्यात वेल्डर असेल, दुपार तेवढीच लांब असते. जिवाचा शेवट करायचा नाही हे ठरले, की मग उरलेल्या वीस वर्षांचे काय करायचे हा खरा प्रश्न सुरू होतो. ज्या ठिकाणी दळवींचे नाटक संपते तिथून आमच्या लेखकाला सुरुवात करता आली असती.

दुसरी गोष्ट अशी, की हे सारे निवृत्तीचे साहित्य पगारदाराचे आहे. त्यात सत्कार आहे, हार आहे, निवृत्तीची तारीख आहे. अकोल्याच्या ताजनापेठेत, बैदपुऱ्यात किंवा अकोट फैलात राहणाऱ्या बहुसंख्य माणसांना अशी तारीखच नसते. शिंप्याला सुईचे नेढे दिसेनासे झाले की तीच त्याची निवृत्ती. कापूस बाजारातल्या हमालाची पाठ ठरवते की उद्यापासून जायचे की नाही. आणि ज्यांना तारीख आहे त्यांचेही चित्र पालटले आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये याच मागणीसाठी राज्यभर संप झाला. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तले चितळे मास्तर झिजलेल्या वहाणांनी आयुष्यभर चालले. आमच्या वयाचे शिक्षक तो लेख वाचताना हसतात, गहिवरतात, आणि मग अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर आपल्या घरात महिन्याला काय येईल याचा हिशोब करू लागतात. साहित्यातला पेन्शनर आता जुन्या काळातला होत चालला आहे. त्याच्या जागी कोण येणार आहे, हे लिहायला हवे.

मग म्हातारपणाची गोष्ट म्हाताऱ्याने स्वतः सांगितली असे उदाहरण आहे का? आहे, आणि ते आमच्या उर्दूत आहे. मिर्झा गालिब हे पेन्शनरच होते. काकांच्या नावे मिळणारी वर्षाची साडेसातशे रुपयांची पेन्शन वाढवून मिळावी म्हणून ते १८२८ साली कलकत्त्याला पोचले. १८५७ नंतर ती बंद झाली आणि १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात रामपूरच्या नवाबांकडून महिना शंभर रुपये येऊ लागले, त्यावर घर चालले. सात मुले झाली, एकही जगले नाही. पत्नीचा भाचा आरिफ १८५२ मध्ये गेला, त्याची दोन मुले त्यांनी वाढवली. म्हणजे परीक्षा घ्यायला मुलगाच नव्हता. 'ऊद-ए-हिंदी' आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' या संग्रहांतली त्यांची पत्रे म्हणूनच वेगळी आहेत. त्यांत ऐकू येत नसल्याची तक्रार आहे, कर्ज आहे, दुखणी आहेत, आंबे आहेत, शागिर्दांच्या शेरांची दुरुस्ती आहे आणि स्वतःच्या हालांवर केलेली थट्टा आहे. दया मागितलेली नाही. पैसे मात्र बिनदिक्कत मागितले आहेत. हालींनी नोंदवले आहे की मृत्यूच्या आदल्या दिवशीही त्यांनी अलाईंच्या पत्राचे उत्तर सांगून लिहवून घेतले. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी ते गेले. शेवटपर्यंत त्यांना काम होते, आणि कुणीतरी उत्तराची वाट पाहत होते. निवृत्तीनंतर बरे जगणे म्हणजे काय, यावर या पत्रांहून चांगले पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

तरीही याच पत्रांत एक मोठी उणीव आहे. पत्नी उमराव बेगम त्यांत प्रामुख्याने विनोदापुरती येते, पायातली बेडी म्हणून. नवऱ्यानंतर वर्षभराने तीही गेली. ते वर्ष तिने कसे काढले, हे तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेले नाही. कावेरी, सलीम मिर्झांची आई आणि उमराव बेगम यांना एका रांगेत बसवले, की आपल्या साहित्याचा मौन बाळगणारा कोपरा दिसतो. म्हाताऱ्या पुरुषाला निदान मशिदीची सफ आहे, दुकानाचा ओटा आहे, हॉटेलातला चहा आहे. म्हाताऱ्या बाईला घराबाहेर अशी जागा नाही.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या लेखनात दंगल आली, संशय आला, तलाक आला, शिक्षण आणि गरिबी आली. हे यायलाच हवे होते. पण आम्ही जे वाचले त्यात अब्बा बहुधा कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेले असतात आणि दादी कथेला दुवा देऊन निघून जाते. त्यांना वातावरण म्हणून वापरले जाते. खरे पाहता मोहल्ल्यात दुपारी मुलींना नाजरा कुरआन शिकवणारी सत्तरीची खाला असते. तिच्याकडे शिकलेल्या तीन पिढ्या असतात, गुडघेदुखी असते, मोतीबिंदू असतो, एखाद्या सुनेशी अबोला असतो आणि बटव्यात कुणाला न सांगता ठेवलेले पैसे असतात. ती कुणाच्या दयेची वाट पाहत बसलेली नसते. तिच्यावर कथा लिहायची तर मुलगा चांगला की वाईट, हे आधी बाजूला ठेवावे लागेल.

आमच्या लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना म्हणूनच एक विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसावर लिहिण्याआधी त्याच्यापाशी बसून तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या नावावर काय आहे? दिवसभर तुम्ही काय करता? तुम्हांला काय खावेसे वाटते? लिहिता येत नसेल तर नातीने लिहून घ्यावे, दखनी-वऱ्हाडी मिसळलेल्या त्याच बोलीत, दुरुस्ती न करता. मराठीला अजून तो आवाज ऐकायला मिळालेला नाही. अशा वार्षिकांतून तो यावा, अशी आमची अपेक्षा आहे.