‘ख्रिस्तायना’तील दुसरी लेखणी

रेव्ह. ना. वा. टिळक ‘ख्रिस्तायन’चे साडेदहा अध्याय लिहून १९१९ साली निवर्तले. उरलेले महाकाव्य लक्ष्मीबाईंनी रचले. ते त्यांच्या पश्चात, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाले. म्हणजे कयफा व पिलात यांच्यापुढे उभा राहिलेला येशू शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. तो प्रसंग आपण केवळ विलाप म्हणून वाचतो, ही आम्हांस उणीव वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात (१८:२३) चपराक मारणाऱ्या शिपायाला येशू कारण विचारतो. आणि दुसरा गाल पुढे करण्यास सांगणाराही तोच! पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या आमच्या घरांना साहेबाला ‘का?’ म्हणण्याची किंमत ठाऊक आहे. येत्या उपवासकाळात लक्ष्मीबाईंचे ते अध्याय आम्ही धर्मग्रामात मोठ्याने वाचणार आहोत.