रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील आकृती आणि मजकूर : एक चिकित्सा

रसायनशास्त्राच्या अध्यापनातील अडचणींचा विचार करताना ग्लासगो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी 1982 मध्ये केलेली त्रिस्तरीय मांडणी आजही आधारभूत मानली जाते. डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे कण आणि सूत्र-समीकरणांची चिन्हे या तीन स्तरांवर तज्ज्ञ सहज ये-जा करतो. विद्यार्थ्याला ते जमत नाही. हे स्तर जोडण्याचे काम पाठ्यपुस्तकात आकृतीकडे सोपविलेले असते. ते काम ती कितपत पार पाडते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

उदाहरणादाखल पदार्थाच्या तीन अवस्थांची सर्वपरिचित आकृती घ्यावी. स्थायूत कण चिकटून, द्रवात काहीसे विरळ, वायूत अधिक विरळ. पायरीपायरीने वाढणारी ही विरळता नजरेला पटते, परंतु वस्तुस्थितीशी जुळत नाही. पाण्याची 100 अंश सेल्सिअसला वाफ होताना आकारमान सुमारे 1600 पट होते. म्हणजे रेणूंमधील सरासरी अंतर जवळजवळ 12 पट वाढते. उलट बहुतेक स्थायू वितळताना आकारमानात अल्पच वाढ होते. बर्फाच्या बाबतीत तर ते घटते. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. मजकुरात द्रव जवळजवळ असंपीड्य असल्याचे विधान आणि आकृतीत मात्र द्रवाच्या कणांमध्ये मोकळी जागाच जागा! विद्यार्थ्याच्या स्मरणात यांपैकी काय राहणार? बहुधा चित्रच. त्यातही काही आकृत्यांत कणांमागे निळा रंग भरलेला असतो. रेणूंच्या मधे पाणी आहे असा समज त्यातून होतो. रेणू म्हणजेच पाणी, हे निसटते.

शब्द आणि संबंधित चित्र जवळजवळ ठेवल्यास आकलन सुधारते, असे रिचर्ड मेयर यांनी ‘मल्टिमीडिया लर्निंग’ (2001) या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. ते मान्य करूनही असे म्हणावे लागते की, परस्परविरोधी मजकूर व आकृती शेजारी छापल्याने विरोध मिटत नाही. आकृतीत प्रमाण कोठे सोडले आहे, रंग केवळ सोयीसाठी कोठे आहे, हे आकृतीखालील ओळीनेच सांगावयास हवे. सध्या तेथे बहुधा केवळ शीर्षक असते.

‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ या प्रश्नाने तर आकृती वाचण्यापेक्षा उतरविण्यालाच गुण मिळतात. त्याऐवजी तीच आकृती छापून, तीत दाखविलेला द्रव दाबला असता किती आकुंचन पावेल आणि प्रत्यक्षात तसे का घडत नाही, असे विचारता येईल.