प्रयोगशाळेतील माती आणि शेतातील माती

मऊ जमिनीत चाक का रुतते व का घसरते, याचे पद्धतशीर विवेचन एम. जी. बेकर यांच्या ‘थिअरी ऑफ लँड लोकोमोशन’ (१९५६) या ग्रंथात आढळते. मातीवर पट्टिका दाबून रुतण्याचे मान आणि कडे फिरवून कर्तनरोध मोजावा, व त्यांवरून वाहनाची क्षमता वर्तवावी, ही बेकर-पद्धती होय. तिच्या मुळाशी कूलोंचा नियम आहे: कर्तनरोध म्हणजे संसक्ती अधिक भारजन्य घर्षण. त्यातून निघणारा निष्कर्ष मार्मिक आहे. कोरड्या वाळूत वजन वाढविल्यास पकड वाढते. ओल्या चिकणमातीत मात्र वजनाचा फारसा उपयोग नाही, टेकणारे क्षेत्रफळच वाढवावे लागते.

तथापि येथे ‘माती’ ही संज्ञा नकळत अर्थ पालटते. प्रयोगशाळेच्या हौदातील माती चाळलेली, दाबून एकजीव केलेली असते. शेतातील माती थरांची, मुळांची, भेगांची. दोन टायरांची तुलना हौदात उत्तम होते, कारण इतर सर्व स्थिर असते. पण त्या स्थैर्यामुळेच तेथील आकडा शेताविषयीचे भाकीत ठरत नाही. शिवाय रुतण्याचा घातांक बदलला की बेकर यांच्या गुणकांचे एककही बदलते. म्हणून दोन मातींचे गुणक थेट ताडून पाहता येत नाहीत.

मराठीतील ‘वाफसा’ हा शब्द पदार्थाला नव्हे, अवस्थेला नाव देतो. बेकर यांचे गुणकही तसेच, अवस्थेचे निदर्शक म्हणून वाचल्यास ग्रंथाचे मोल उणावत नाही, उलट वाढते.