जहाजांवरील बिनतारी संदेश आणि आरंभीचे कायदे : एक पुनर्विचार

जहाजांवरील बिनतारी तारायंत्राच्या नियमनाचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथकार एकच क्रम स्वीकारतात. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले, सरकारे खडबडून जागी झाली, कायदे झाले. पदव्युत्तर वर्गांत हा विषय निघाला म्हणजे विद्यार्थीही हाच क्रम उत्तरपत्रिकेत उतरवितात. तो सर्वस्वी असत्य आहे असे नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड होते. टायटॅनिक बुडाले त्या रात्री कायदा नव्हता असे नव्हे. यंत्र नव्हते असे तर मुळीच नव्हे. आंतरराष्ट्रीय करार अंमलात येऊन जवळजवळ चार वर्षे लोटली होती, अमेरिकेचा जहाजविषयक बिनतारी अधिनियम लागू होऊन नऊ महिने झाले होते, आणि बुडणाऱ्या जहाजावर त्या काळातील उत्तम प्रतीचे पाच किलोवॅटचे यंत्र व दोन ऑपरेटर हजर होते. मग उणीव कशाची होती? ह्या प्रश्नाचे उत्तर अपघाताच्या वर्णनांत शोधण्यापेक्षा कायद्यांच्या भाषेत शोधावे, असे आम्हांस वाटते. त्या भाषेचे बारकाईने वाचन केले असता असे दिसते की, आरंभीच्या कायदेकारांनी ‘बोलण्याचे’ नियमन केले; ‘ऐकणे’ हे कर्तव्य आहे ही कल्पना त्यांच्या शब्दांत १९१२ च्या जुलैपर्यंत उमटलीच नव्हती.

ह्याचे मूळ नावातच आहे. इंग्रजीप्रमाणे आपणही ह्या साधनास ‘बिनतारी’ म्हणतो, म्हणजे जे त्याच्यापाशी नाही त्यावरून त्यास ओळखतो. कायदेकारांनीही नेमके हेच केले. तारायंत्राचा कायदा त्यांच्यापुढे तयार होता. त्यातील तार तेवढी त्यांनी वगळली. तारेच्या कायद्यातील प्रश्न कोणते? यंत्र कोणाच्या मालकीचे, परवाना कोणी द्यावयाचा, शब्दाला दर किती, आणि हिशेब कोणी कोणाशी चुकता करावयाचा. ब्रिटिश पार्लमेंटने १९०४ मध्ये संमत केलेल्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने पोस्टमास्तर जनरलच्या परवान्याखेरीज यंत्र उभारण्यास वा चालविण्यास मनाई केली व ही मनाई ब्रिटिश जहाजांनाही लावली. आपल्याकडील १९३३ च्या भारतीय अधिनियमाने परवान्याविना असे यंत्र नुसते जवळ बाळगणेही निषिद्ध ठरविले, ते ह्याच परंपरेतले. यंत्र ही बाळगण्याची वस्तू आहे, आणि बाळगण्यावर सरकारचा ताबा असावा, एवढाच विचार तेथे आढळतो.

जमिनीवर ही समजूत फारशी नडत नाही. तारघर रात्री बंद झाले, तरी तार सकाळपर्यंत थांबू शकते. समुद्रावर तसे नाही. जहाजावरून निघालेली हाक ज्या क्षणी निघाली त्याच क्षणी कोणाच्या तरी कानावर पडली नाही, तर ती गेली. येथे यंत्ररचनेतील एक फरकही ध्यानात घेतला पाहिजे. अगदी प्रारंभीचे ‘कोहेरर’ पद्धतीचे ग्राहक कागदाच्या पट्टीवर ठिपके व रेघा उमटवीत. त्यांना घंटाही जोडता येई. मार्कोनीने १९०२ मध्ये पेटंट घेतलेला चुंबकीय ग्राहक त्याहून पुष्कळ संवेदनशील होता. परंतु तो ना लिहीत असे, ना घंटा वाजवीत असे. त्याला कानाशी लावलेला टेलिफोन लागे, आणि त्या टेलिफोनपाशी जागा असलेला माणूस लागे. यंत्र सुधारले तसे माणसाचे ओझे वाढले. कायद्याने सुधारणा पाहिली, ओझे पाहिले नाही.

कायदेकारांचे लक्ष दुसरीकडे वेधलेले होते, आणि त्याला सबळ कारणही होते. मार्कोनीच्या सागरी कंपनीची स्थापना १९०० साली झाली. पुढल्याच वर्षी तिने लॉइड्सशी दीर्घ मुदतीचा करार केला. ही कंपनी यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. ऑपरेटरही तिचेच नोकर असत. आणि प्रतिस्पर्धी पद्धतीच्या यंत्रांशी, संकटप्रसंग वगळता, संदेशांची देवघेव करू नये अशी तिची आज्ञा असे. १९०२ साली प्रशियाचा राजपुत्र हाइन्रिख अमेरिकेहून परतत असता त्याच्या जहाजावरील जर्मन यंत्राचा संदेश मार्कोनीच्या ठाण्याने नाकारला, अशी कथा सांगितली जाते. कथा कितपत खरी असेल ती असो. १९०३ मध्ये बर्लिन येथे नऊ राष्ट्रांची प्राथमिक परिषद जर्मनीच्या पुढाकाराने भरली, आणि तेथे ब्रिटन व इटली ह्यांनी हात आखडता घेतला, हे मात्र निश्चित. नोव्हेंबर १९०६ मध्ये बर्लिन येथेच करार झाला व तो १ जुलै १९०८ पासून अंमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमाने, यंत्रपद्धतीचा भेद न करता जहाजे व किनाऱ्यावरील ठाणी ह्यांनी परस्परांचे संदेश स्वीकारलेच पाहिजेत असा दंडक घातला. मक्तेदारीच्या वर्मी बसलेला हा घाव होता, ह्यात संशय नाही.

ह्या करारासोबतची नियमावली वाचणाऱ्याच्या मनावर तिचा कल ठसल्यावाचून राहात नाही. किनाऱ्याच्या ठाण्याचा दर शब्दाला ६० सेंटिम व जहाजाचा ४० सेंटिम ह्यांहून अधिक नसावा; सर्वसाधारण लोकव्यवहारासाठी ३०० व ६०० मीटरच्या तरंगलांबी असाव्यात; ६०० ते १६०० मीटरचा पट्टा त्या व्यवहाराबाहेर, म्हणजे लष्करी व आरमारी वापरासाठी, राखावा. सारे कसे रेखीव आहे. आणि मध्येच नववे कलम येते : संकटग्रस्त जहाजाच्या हाकेस प्रत्येक ठाण्याने सर्वांआधी स्थान द्यावे, तिला उत्तर द्यावे, व योग्य ती कृती करावी. तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके ही संकटखूणही ह्याच नियमावलीने ठरविली. ह्या कलमाची प्रशंसा अनेकांनी केली आहे, व ती रास्त आहे. परंतु अग्रक्रम देणे म्हणजे आलेल्या दोन संदेशांतून निवड करणे होय. जो संदेश कोणी ऐकलाच नाही त्याला अग्रक्रम कसा देणार? उत्तराची सक्ती आहे, श्रवणाची नाही. उत्तराच्या पोटी श्रवण गृहीत धरले आहे. कायद्याच्या अभ्यासकाने थबकावे ते अशाच गृहीतकापाशी.

अमेरिकेच्या १९१० च्या अधिनियमाचीही हीच गत आहे. जानेवारी १९०९ मध्ये नॅन्टकेटनजीक ‘रिपब्लिक’ व ‘फ्लॉरिडा’ ह्या जहाजांची टक्कर झाली. रिपब्लिकवरील ऑपरेटर जॅक बिन्स ह्याच्या हाकेमुळे मदत येऊन पोहोचली व सुमारे पंधराशे माणसे वाचली. ह्या यशाच्या प्रकाशात २४ जून १९१० रोजी अधिनियम संमत झाला, आणि तो १ जुलै १९११ पासून लागू झाला. प्रवासी व खलाशी मिळून पन्नास वा अधिक माणसे असलेल्या ज्या आगबोटी अमेरिकन बंदरांतून समुद्रपार निघतील, त्यांवर दिवसा वा रात्री किमान १०० मैल पोहोचणारे, सुस्थितीत असलेले, कार्यक्षम यंत्र असावे व ते ‘कुशल व्यक्ती’च्या हाती असावे, परस्परांपासून २०० मैलांहून कमी अंतरावरील बंदरांतच ये-जा करणाऱ्या बोटींना सूट, भंगास ५००० डॉलरपर्यंत दंड. ‘कार्यक्षम’ ह्या शब्दाची जी फोड कायद्याने केली ती विशेष बोलकी आहे. यंत्र बसविणाऱ्या कंपनीने इतर पद्धतींशी देवघेव करण्याचा लेखी करार केला नसेल, तर ते यंत्र कार्यक्षम समजू नये! म्हणजे कार्यक्षमतेची कसोटी पुन्हा मक्तेदारीच्याच प्रश्नाशी नेऊन बांधली. ती कुशल व्यक्ती एकवचनी आहे; तिने किती तास जागे राहावे ह्याविषयी एक अक्षर नाही.

ह्या पार्श्वभूमीवर १४ एप्रिल १९१२ ची रात्र पाहावी. ‘कॅलिफोर्नियन’ हे मालवाहू जहाज बर्फामुळे थांबले होते. त्याच्यावरील एकुलता एक ऑपरेटर सिरिल इव्हान्स ह्याने अकराच्या सुमारास टायटॅनिकला तसे कळवू पाहिले. टायटॅनिकवरील जॅक फिलिप्स केप रेसच्या ठाण्याकडे उतारूंचे खासगी संदेश पाठविण्यात गुंतला होता. त्याने इव्हान्सला गप्प राहावयास सांगितले. फिलिप्सला दोष देणे सोपे आहे. परंतु बर्फाची सूचना ही संकटग्रस्ताची हाक नव्हे. बर्लिनच्या नियमांत तिला अग्रक्रम नव्हता, आणि उतारूंच्या संदेशाला मात्र शब्दागणिक दर होता. सकाळपासून कामावर असलेला इव्हान्स साडेअकराच्या सुमारास कानांवरील टेलिफोन काढून झोपला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. सव्वाबाराच्या आसपास कॅलिफोर्नियनवरील तिसरा अधिकारी ग्रोव्ह्‌ज ऑपरेटरच्या खोलीत डोकावला, त्याने सहज टेलिफोन कानांस लावला, आणि त्याला काही ऐकू आले नाही. चुंबकीय ग्राहक घड्याळाप्रमाणे किल्ली दिल्यावर चाले. ती किल्ली उतरली होती व हे त्याच्या ध्यानी आले नाही, असे सांगितले जाते. यंत्र जागच्या जागी होते. कायद्याच्या भाषेत ते ‘कार्यक्षम’ही ठरले असते. उलट ‘कार्पेथिया’वरील कॉटम हाही एकटाच ऑपरेटर होता, तो निजावयाच्या तयारीत असूनही दुसऱ्या एका जहाजाच्या उत्तराची वाट पाहात टेलिफोन कानांवर ठेवून होता. सातशेंहून अधिक माणसे वाचली ती ह्या योगायोगामुळे, कोणत्याही कलमामुळे नव्हे. आणखी असे की, ह्या तिन्ही ब्रिटिश जहाजांवर बिनतारी यंत्र ठेवण्याची सक्ती करणारा ब्रिटिश कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

ह्यानंतरच्या कायद्यांविषयी लिहिताना अभ्यासकांकडून जी गल्लत होते तिच्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. १९१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक नव्हे, दोन अधिनियम झाले. त्यांना सरसकट ‘टायटॅनिकनंतरचा रेडिओ कायदा’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. १३ ऑगस्टचा रेडिओ अधिनियम प्रसिद्ध आहे. त्याने परवाने सक्तीचे केले, हौशी प्रक्षेपकांना २०० मीटरच्या खाली ढकलले, खोट्या संकटहाकेस शिक्षा सांगितली. तो कायदा पुन्हा बोलणाऱ्यांचाच आहे : कोणी, केव्हा, किती मोठ्याने बोलावे. त्यातील पुष्कळसा भाग तर बर्लिन कराराची पूर्ती करण्यासाठीच आवश्यक होता, आणि त्या कराराला अमेरिकन सेनेटने ३ एप्रिल रोजी, म्हणजे अपघाताच्या अकरा दिवस आधी, संमती दिली होती. ह्या कायद्याचे सारे श्रेय टायटॅनिकला देणे म्हणूनच कालक्रमाशी विसंगत आहे.

खरा बदल २३ जुलैच्या, तुलनेने उपेक्षित राहिलेल्या, दुरुस्तीत आहे. १९१० च्या ‘कुशल व्यक्ती’च्या जागी तेथे दोन वा अधिक व्यक्ती आल्या; जहाज चालू असता त्यांपैकी एकाने सदैव कामावर असावे, असे शब्द आले. जहाजाच्या मुख्य वीजयंत्रापासून स्वतंत्र, चार तास पुरेल असा साहाय्यक वीजपुरवठा आला. ऑपरेटरची खोली आणि ब्रिज ह्यांच्यात अखंड संपर्काची अट आली. ‘मेसाबा’ने पाठविलेली बर्फाची सूचना टायटॅनिकच्या ब्रिजवर पोहोचलीच नव्हती, हे आठवले म्हणजे ह्या अटीचे मर्म कळते. अमेरिकन जहाजांपुरते संदेशांचे काम व ऑपरेटरांचे पहारे कप्तानाच्या अधिकाराखाली आले. त्याच महिन्याच्या ५ तारखेस लंडन येथे झालेल्या नव्या आंतरराष्ट्रीय करारानेही जहाजांचे सेवाकालानुसार वर्ग पाडले, व ज्यांची सेवा अखंड नव्हती अशा एका वर्गाने प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटे तरी ऐकत राहावे असे ठरविले. घड्याळ प्रथमच कायद्यात शिरले.

ह्यावर असा आक्षेप येईल की, १९१० च्या कायदेकारांना हे सुचले नाही असे नव्हे, परवडले नाही. प्रत्येक जहाजावर दोन ऑपरेटर म्हणजे दुप्पट पगार, दुप्पट जागा. आक्षेपात तथ्य आहे. पण खर्चाचा विचार करून सोडलेली गोष्ट कायद्यात अपवाद म्हणून, सवलत म्हणून कोठे तरी दिसते. २०० मैलांची सूट तशी दिसतेच. श्रवणाच्या वेळेविषयी १९१० च्या अधिनियमात ना नियम आहे, ना सवलत. जे नाकारले गेले त्याची खूण उरते. जे मनातच आले नाही त्याची उरत नाही.

आणि खर्चाचा प्रश्न १९१२ मध्येही सुटलेला नव्हताच. तो कसा सोडविला गेला हे पाहण्याजोगे आहे. मालवाहू आगबोटींना १ जुलै १९१३ पासून कायदा लागू करताना दुसऱ्या ऑपरेटरच्या जागी जहाजावरील एखादा साधा खलाशी चालेल, अशी मुभा दिली गेली. त्याला संदेश पाठविता आला पाहिजे अशी अट नव्हती. संकटाची हाक व धोक्याच्या नेहमीच्या खुणा ऐकून ओळखता येतात एवढे त्याच्याविषयी प्रमाणित करावे, जहाजाच्या रोजनिशीत तशी नोंद करावी, आणि त्याने ऑपरेटर निजला असता कानांस टेलिफोन लावून बसावे.