उद्योजकतेचा पेपर

मागच्या व्याख्यानाला मी सव्वा तास घेतला आणि शेवटच्या रांगेतले दोघे झोपले, अशी तक्रार आली आहे. आज आवरतं घेतो.

विषय बीबीएच्या अभ्यासक्रमातल्या उद्योजकतेचा आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं इथं काय काम, असं कुणी म्हणेल. पण हा विषय माझ्याकडे चालत आला, मी त्याच्याकडे गेलो नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या आधी नोट्स घेऊन आला. म्हणाला, ‘सर, यातलं इंग्रजी जरा समजावून सांगा.’ प्रश्न होता, यशस्वी उद्योजकाची वैशिष्ट्ये लिहा. खाली यादी. जोखीम घेण्याची वृत्ती, दूरदृष्टी, नवनिर्मिती, नेतृत्वगुण, आत्मविश्वास, आणखी सात. आम्ही एकेक शब्द घेत गेलो. मध्येच तो थांबला आणि विचारलं, ‘सर, आमचे बाबा यात बसतात का?’

त्याच्या वडिलांची उद्यमनगरात दोन लेथ आहेत. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून देतात, जॉबवर्क. वीसेक वर्षं झाली. आम्ही दोघांनी यादीवर बोट ठेवून बघितलं. नवनिर्मिती? ड्रॉइंग दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा. दूरदृष्टी? पुढच्या महिन्याच्या वीजबिलापर्यंत. नेतृत्व? एक कामगार, तोही दिवाळीनंतर परत येईल याची खात्री नाही. मुलानं वही मिटली आणि म्हणाला, ‘नाही बसत.’

वीस वर्षं धंदा टिकवून धरणारा माणूस ज्या व्याख्येत बसत नाही, ती व्याख्या चुकीची, की तो माणूस उद्योजक नाही? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

आता या विषयाची थोडी कुळकथा. अमेरिकेत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस यांनी १९४७ साली नवे धंदे उभारण्यावरचा वर्ग सुरू केला. समोर बसलेले बरेच जण महायुद्धावरून परतलेले होते. म्हणजे जग बघून आलेले. आपल्याकडे डेव्हिड मॅक्लेलंड हे मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याला आले. माणसातली काहीतरी करून दाखवण्याची ओढ शिकवून वाढवता येते का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांनी तिथल्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, आणि नंतर ते प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले. उद्योजकता शिकवता येते याचा दाखला म्हणून हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. पण शिकणारे कोण होते ते बघा की. आधीच दुकानात बसलेली, देणंघेणं कळलेली माणसं. आपण तीच गोष्ट एकोणीस वर्षांच्या पोराला देतो, ज्यानं अजून स्वतःच्या नावाचं एक बिल फाडलेलं नाही. वरून सत्तर मार्कांचा पेपर काढतो.

दुसऱ्या बाजूनं लोक म्हणतात, उद्योजक जन्मावा लागतो, शिकवून काय होतंय. मला हेही पटत नाही. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १९४९ च्या पुस्तकात एक भेद पक्का केला. अमुक आहे हे माहीत असणं वेगळं आणि अमुक कसं करायचं हे येणं वेगळं. पोहण्याबद्दल सगळं वाचलेला माणूस रंकाळ्यात बुडू शकतो. आमच्यातले काही प्राध्यापक राइलचं नाव घेऊन म्हणतात, बघा, कौशल्य शिकवता येत नाही. राइल असं म्हणत नाही हो. पोहणं शिकवता येतंच. पंचगंगेवर पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, पाठीला डबा बांधून. फक्त ते काठावर बसून शिकवत नाहीत. म्हणजे शिकवता येतं की नाही यावर भांडण्यात अर्थ नाही. कॉलेजात पाणी कुठं आहे, एवढं मला कुणीतरी सांगावं.

या गावात पाणी कुठं होतं ते बघू. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्या कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी कामाला होती. पडदे रंगवणं, सेट उभारणं, छायाचित्रण, पडेल ते. १९२९ साली ते बाहेर पडले, सीताराम कुलकर्णींनी पैसा घातला आणि कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी राहिली. यातल्या कुणालाही उद्योजकतेचा पेपर नव्हता. पण शिक्षण नव्हतं असं म्हणू नका. बाबूरावांचा स्टुडिओ हेच त्यांचं शिक्षण होतं, आणि ते कडक होतं. शिवाय दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या नावाखाली चुका करायची सोय होती. नवशिक्याला सगळ्यात जास्त गरज असते ती याची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव प्रत्येक उद्योजकतेच्या पुस्तकात असतं, अर्ध्या पानाच्या चौकटीत. जिद्द, चिकाटी, स्वप्न. माझी खरी तक्रार त्या चौकटीबद्दल आहे, कारण ती खोटं न बोलता खोटं सांगते. लक्ष्मणराव मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. आता यातून राजे काढून टाका. बाळासाहेब काढा, शाहू महाराज काढा. भाऊ रामूअण्णा काढा. काय उरतं? जिद्दी माणूस आणि न विकलेले नांगर. चौकटीत मात्र तेवढंच छापतात, फक्त नांगर विकले गेलेत असं दाखवून.

चौकटीत आणखी एक माणूस कधी येत नाही. किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत एक तरुण होता, त्याचं नाव भाऊराव पाटील. त्यानं पुढं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पोरांनी कामही करायचं आणि शिकायचंही, ही त्याची कल्पना. ती विक्रेत्याच्या पायपिटीतून आली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण वसतिगृहातल्या मुलांना शेत आणि स्वयंपाक सांभाळायला लावणारी ती शाळा आजच्या कुठल्याही ‘इनक्युबेशन सेंटर’पेक्षा पाण्याच्या जास्त जवळ होती.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना धंदा काढायला मदत केली, आणि भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल सुरू झालं, ‘सत्यसुधारक’. आपण ही गोष्ट समाजसुधारणेच्या खात्यात टाकतो, बरोबरच आहे. पण ती एकदा धंद्याच्या खात्यात टाकून बघा. बीबीएचा विद्यार्थी ‘बाजारपेठेचा अभ्यास’ करून आला असता तर काय लिहिलं असतं? जागा उत्तम, वर्दळ उत्तम, चहा स्वच्छ, अपेक्षित गिऱ्हाईक शून्य. आणि ते खरं होतं. गिऱ्हाईक नव्हतंच. खुद्द महाराजांनी गाडी थांबवून तिथला चहा घेतला, बरोबरच्यांना घ्यायला लावला, तेव्हा गिऱ्हाईक तयार झालं. म्हणजे बाजार तिथं आधीपासून पडून नव्हता, सत्ता वापरून तो बनवावा लागला. ज्याच्या हातचं पाणी लोक घेत नाहीत त्याला ‘आत्मविश्वास’ आणि ‘संवादकौशल्य’ शिकवून काय उपयोग? हा प्रश्न जुना झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी भाड्यानं गाळा शोधताना आडनाव कसं विचारलं जातं ते बघावं.

बरं, आता बिझनेस प्लॅन. एका कॉलेजात, नाव सांगत नाही, मला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. पोरं हुशार. स्लाइडा सुंदर. प्रत्येकाकडे पाच वर्षांच्या नफ्याचा तक्ता, पहिल्या वर्षी थोडा तोटा, तिसऱ्या वर्षी बरोबरी, पाचव्या वर्षी झेप. एकाला मी विचारलं, पाचव्या वर्षाचा हा आकडा कुठून आला? तो प्रामाणिक होता. म्हणाला, ‘सर, असा असावा लागतो.’

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञानं १९२१ साली सांगून ठेवलंय की जोखीम मोजता येते आणि अनिश्चितता मोजता येत नाही. विमा कंपनी हजार घरांपैकी किती जळतील याचा हिशेब करू शकते, ती जोखीम. पण नवा धंदा चालेल का, याला हजार उदाहरणं नसतात. नाइटच्या मते नफा मिळतो तो ही न मोजता येणारी बाजू अंगावर घेण्याबद्दल. आणि आपण मुलांना काय शिकवतो? जे मोजता येत नाही त्याचा तक्ता भरायला. त्याला मार्क द्यायला. अज्ञान सुबकपणे झाकण्याची ही सवय आहे, आणि ती लागली की सुटत नाही. बँकेला हा तक्ता लागतो, मान्य. मग तसं सांगा की, हा बँकेसाठी भरायचा कागद आहे, याला ज्ञान म्हणू नका. सारस सरस्वती या संशोधिकेनं अनुभवी उद्योजक विचार कसा करतात हे तपासलं, २००१ पासून त्यांचं लेखन येतंय. त्यांना आढळलं की ही माणसं भविष्याचा अंदाज बांधून निघतच नाहीत. हाताशी काय आहे, ओळखीचं कोण आहे, किती बुडालं तर चालेल, इथून सुरुवात करतात. आमच्या गल्लीतल्या लेथवाल्यानं हेच केलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही एवढंच.

त्या अठरा प्लॅनमध्ये एक शब्द एकदाही आला नाही. उधारी. या जिल्ह्यात धंदा बुडतो तो कल्पना संपली म्हणून क्वचित. काम झालं, माल गेला, पैसा आला नाही, म्हणून बुडतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात लिहिलंय की नोंदणी केलेल्या छोट्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर व्याज. जॉबवर्कवाला हा कायदा बजावत नाही, कारण बजावला तर पुढचं काम मिळत नाही. दोन माणसांतल्या ताकदीचा हा मामला आहे, आणि खऱ्या अर्थानं अभ्यासाचा विषय आहे. यात कायदा आहे, हिशेब आहे, नीती आहे. याच्यावर एक सबंध सत्र शिकवता येईल. तसंच वैयक्तिक हमीचं. कंपनीचं दायित्व मर्यादित असतं असं पुस्तकात पाठ करतात. कर्ज घेताना मालकाची आणि बायकोची सही हमीदार म्हणून घेतात, घर तारण घेतात, तेव्हा ती मर्यादा कुठं जाते? ‘जोखीम घेण्याची वृत्ती’ हा गुण मुलाचा आणि गहाण पडणाऱ्या बांगड्या आईच्या, असा हा हिशेब असतो.

आणखी एक सांगून थांबतो. पुस्तकातला उद्योजक नेहमी एकटा. या जिल्ह्यात सगळ्यात मोठं जे उभं राहिलं ते एकट्याचं नाही. ‘गोकुळ’ दूध संघ १९६३ चा, लिटरभर दूध घालणाऱ्या बायकांपर्यंत पोचलेला. वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी कारखान्याभोवती एक आख्खा परिसर उभा केला. सहकारात पुढं काय काय झालं हे मला सांगू नका, मीही सभासद आहे. पण बिघडलेल्या गोष्टीचाही अभ्यास करायचा असतो, उलट तिचाच जास्त. कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये तसलीच चप्पल दिसली, आधी कोल्हापूरचं नावही नाही. गावात केवढा संताप. पण मानांकन कुण्या एका मालकाचं नसतं, समूहाचं असतं, मग त्याचा पैसा समूहात कसा वाटायचा, कातडं कमावणाऱ्याला किती, शिवणाऱ्या बाईला किती, शोरूमला किती? राजारामपुरीच्या कॉलेजात बसून यापेक्षा चांगला प्रश्न मिळणार नाही. त्यासाठी मिलानला जायला नको, सुभाषनगरपर्यंत रिक्षा करा.

२०२४-२५ पासून बीबीए तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलंय, प्रवेशाला सीईटी लागली, नवे नमुना अभ्यासक्रम आलेत. त्यात स्टार्टअपला जागा वाढली आहे. मला विरोध करायचा नाही. पदवीच्या पोरांनी हा विषय शिकावा, पण जसा आपण राज्यशास्त्र शिकतो तसा. राज्यशास्त्र शिकलेला प्रत्येक जण आमदार व्हावा अशी अपेक्षा नसते. सत्ता कशी चालते हे त्याला कळावं, एवढं पुरतं.

त्या मुलाला मी एक काम सांगितलं होतं. म्हटलं, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नवीन कल्पना शोधू नकोस. वडिलांची उधारीची वही घे, तीन वर्षांतलं कुणाचं बिल किती दिवसांनी आलं ते लिहून काढ. तो पंधरा दिवसांनी आला. म्हणाला, ‘सर, बाबा वही देईनात. म्हणाले, तू शिक, हे बघू नकोस.’ मी विचारलं, मग? ‘मग मी शनिवारी कारखान्यावर जाऊन बसायला लागलो. काही बोलत नाहीत. पण परवा फोन आला होता पार्टीचा, तर स्पीकरवर टाकला.’

हं. आता प्रश्न घेऊ. मागं माईक द्या, त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.